जॅझ संगीत : कोणाचे आणि ऐकावयाचे कसे

(एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी कोणत्या विषयावर बोलणार हे कळताच आपल्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मास्तर, जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलांत साहेबलोक नाचताना वाजते तेच ना? त्याचे आपल्या बायकामुलांना काय?" प्रश्न सरळ होता आणि त्यात राग नव्हता. म्हणून त्याच्या उत्तरातच आजचा वेळ खर्च करावा असे मी ठरविले. हे संगीत हॉटेलांत वाजत होते, ही गोष्ट खरी. परंतु ज्यांनी ते निर्माण केले त्यांना त्यांच्या देशातील अशा कित्येक हॉटेलांत खुर्चीवर बसून ते ऐकण्याची बंदी होती, हीही तितकीच खरी गोष्ट आहे. वाजविणाऱ्याने कोणत्या दाराने आत यावे आणि ऐकणाऱ्याने कोणत्या, हा प्रश्न ज्या संगीताला जन्मापासून चिकटलेला आहे, ते आपल्या घरांत परके ठरावे याचे कारण मला तरी दिसत नाही.

एक कबुली आधीच देतो. मी हे संगीत पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला तो निव्वळ गोंगाट वाटला. पाचसहा माणसे एकाच वेळी बोलत आहेत आणि कोणी कोणाचे ऐकत नाही, असा माझा ग्रह झाला. पुढे समजले की तेथे प्रत्येकजण दुसऱ्याचे कान देऊन ऐकत होता. ऐकत नव्हतो तो मी. कान तयार व्हावयास मला वेळ लागला. आपणांस तितका लागू नये, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जे शेवटचे मोठे शहर लागते, ते न्यू ऑर्लिन्स. आधी फ्रेंचांचे, मग स्पॅनिशांचे आणि १८०३ पासून अमेरिकेचे. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या खरेदी-विक्रीचा तेथे मोठा बाजार भरे. १८१७ साली शहराने असा नियम केला की गुलामांनी फक्त रविवारी आणि नेमून दिलेल्या एकाच जागी जमावे. ती जागा पुढे काँगो चौक या नावाने प्रसिद्ध झाली. आठवड्याचे सहा दिवस ज्यांचे शरीर मालकाच्या मालकीचे होते, ती माणसे रविवारी तेथे आपले ढोल वाजवीत, आपापल्या मुलखातील नाच नाचत. एकाने ओळ टाकावी आणि सर्वांनी ती उचलावी, ही त्यांच्या गाण्याची रीत होती. आपल्या जलशात शाहीर ओळ टाकतो आणि मागचे साथीदार ती झेलतात, ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना ही रीत निराळी समजावून सांगावयास नको. शेतात कापूस वेचताना, रेल्वेचे रूळ ठोकताना आणि देवळात प्रार्थना करताना हीच रीत चालू राहिली. जॅझमध्ये क्लॅरिनेटने काही म्हणावे आणि ट्रम्पेटने त्याला उत्तर द्यावे, असे जे आपण ऐकतो त्याचे मूळ या ठिकाणी आहे.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, ते हेच काम तडीस नेणारे लोक होत. परंतु कायद्याने बेडी काढली म्हणून शेजारी बसू दिले, असे होत नाही. १८९२ च्या जून महिन्यात न्यू ऑर्लिन्समध्ये होमर प्लेसी नावाच्या गृहस्थाने पहिल्या वर्गाचे तिकीट काढले आणि तो गोऱ्यांसाठी राखलेल्या डब्यात जाऊन बसला. त्याच्या पणज्यांच्या पिढीत आफ्रिकन रक्त होते. दिसावयास तो गोराच होता. त्याने विचारपूर्वक कायदा मोडला, कारण शहरातील नागरिकांच्या एका समितीला हा कायदा न्यायालयात आव्हान देऊन पाहावयाचा होता. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सोयी समान असतील तर वेगळे ठेवण्यात अन्याय नाही. न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले. हा निकाल शाळांच्या बाबतीत उलटावयास १९५४ साल उजाडले, आणि प्लेसीच्या माथी मारलेला गुन्हा लुइझियाना राज्याने माफ केला तो २०२२ च्या जानेवारीत. तोपर्यंत त्याला मरून जवळजवळ शंभर वर्षे होत आली होती.

आपण म्हणाल, संगीताच्या व्याख्यानात हा खटला कशाला? त्याचे कारण असे. प्लेसी ज्या समाजातला होता त्यांना क्रिओल म्हणत. मिश्र वंशाचे, फ्रेंच बोलणारे हे लोक. त्यांतील पुष्कळजण गुलामगिरीच्या काळातही स्वतंत्र होते. त्यांत कारागीर होते, दुकानदार होते. मुलांना पैसे देऊन संगीताचे शिक्षण देत, स्वरलिपी वाचावयास शिकवीत. शहराच्या दुसऱ्या बाजूस राहणाऱ्या काळ्या मजुरांना ते आपल्याहून खालचे समजत. विषमतेच्या शिडीची ही खुबी आपणांस चांगली परिचित आहे : मधल्या पायरीवरच्या माणसाला वरच्याचा राग असतो, पण खालच्याशी हात मिळविण्याची त्याला लाज वाटते. नव्या कायद्यांनी ही मधली पायरीच काढून टाकली. गोरा आणि काळा, असे दोनच डबे उरले. स्वरलिपी वाचणारे क्रिओल वादक आणि केवळ कानावर वाजविणारे मजूर वादक हळूहळू एकाच बँडात बसू लागले. सिडनी बेशे आणि जेली रोल मॉर्टन हे क्रिओल घरांतले; बडी बोल्डन आणि लुई आर्मस्ट्राँग त्या मजूर वस्तीतले. एकाकडे रचनेची शिस्त होती, दुसऱ्याकडे बोलता आवाज होता. अन्यायाने एका डब्यात कोंडलेल्या माणसांनी जे वाजविले ते जॅझ, असे म्हटले तर इतिहासाचा फारसा विपर्यास होणार नाही.

बडी बोल्डन कॉर्नेट वाजवी. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचे आखूड भावंड. त्याचा आवाज फार दूरवर ऐकू जाई, अशी म्हाताऱ्या वादकांची आठवण होती. १९०७ साली त्याला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले, तेथेच तो १९३१ साली वारला. त्याच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. जॅझची म्हणून जी पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, ती १९१७ साली एका गोऱ्या बँडची. कोणाचे नाव राहते आणि कोणाचे पुसले जाते, ते येथपासूनच पाहत जावे.

न्यू ऑर्लिन्समध्ये अंत्ययात्रेलाही बँड लागे. दफनभूमीकडे जाताना संथ, जड पावलांची भजने; मृताला निरोप देऊन परतताना तेच वादक उसळत्या लयीत वाजवू लागत आणि वस्तीतील पोरे मागे नाचत येत. त्या पोरांतला एक लुई आर्मस्ट्राँग.

त्याचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ चा. तो स्वतः जन्मभर ४ जुलै १९०० सांगत आला. खरी तारीख बाप्तिस्म्याच्या वहीत त्याच्या मृत्यूनंतर, १९८० नंतरच्या दशकात सापडली. त्या वहीत तान्ह्या मुलाच्या नावापुढे लॅटिनमध्ये दोन शब्द लिहून ठेवले होते : काळा, आणि अनौरस. माणूस अजून पाळण्यात आहे आणि लेखणीने त्याची जागा नेमूनही टाकली आहे. बाप घर सोडून गेलेला. आजीने आणि मेअ‍ॅन नावाच्या आईने त्याला वाढविले. लिथुआनियातून आलेल्या कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाच्या गाडीवर तो भंगार आणि कोळसा विकावयाच्या कामाला होता. त्या कुटुंबाने त्याला जेवू घातले, मायेने वागविले. त्यांची आठवण म्हणून ज्यूंचे तारकाचिन्ह तो पुढे गळ्यात घालीत असे. १९१२ सालच्या शेवटच्या रात्री त्याने रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला. पोलिसांनी धरले, आणि अकरा वर्षांच्या त्या मुलाची रवानगी काळ्या मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथे पीटर डेव्हिस नावाच्या शिक्षकाने त्याच्या हाती कॉर्नेट दिले. मुलाला शिक्षा म्हणून जेथे पाठविले तेथे त्याला विद्या मिळाली. परंतु याचे श्रेय शिक्षेला नव्हे, त्या शिक्षकाला द्यावयास हवे.

१९२२ साली त्याचे गुरू जो ऑलिव्हर, ज्यांना सर्वजण किंग ऑलिव्हर म्हणत, त्यांनी त्याला शिकागोला बोलावून घेतले. त्या वर्षांत दक्षिणेतील लक्षावधी काळी माणसे शेत सोडून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली होती. माणसांबरोबर संगीतही रेल्वेत बसून गेले. खेडे सोडून मुंबईच्या गिरणीत आलेल्या आपल्या आजोबांना विचारा. गावचे गाणे शहरात येते तेव्हा त्याचा ठेका कसा बदलतो, हे ते सांगतील.

आता ऐकावयाचे कसे, याकडे वळतो. शंभर ध्वनिमुद्रिका वरवर ऐकण्याऐवजी एक नीट ऐकावी, असे माझे मत आहे. ती एक मी निवडून ठेवली आहे : 'वेस्ट एंड ब्लूज'. रचना किंग ऑलिव्हर यांची. वाजविली आर्मस्ट्राँग आणि त्याच्या साथीदारांनी, २८ जून १९२८ रोजी, शिकागोत. वेस्ट एंड ही न्यू ऑर्लिन्सजवळच्या सरोवराकाठची फिरावयास जाण्याची जागा. सगळा मामला सव्वातीन मिनिटांचा आहे, कारण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फारसे अधिक मावत नसे.

प्रथम ब्लूजचा साचा ध्यानात घ्यावा. बारा मापांचे एक आवर्तन. प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रा. गाण्यात या आवर्तनाच्या तीन ओळी होतात. पहिली ओळ दुःख सांगते, दुसरी तेच पुन्हा सांगते, आणि तिसरी त्याला उत्तर देते. एकदा सांगून लोक ऐकत नाहीत, म्हणून दुसऱ्यांदा सांगावयाचे, असा मी त्याचा अर्थ लावतो. संगीतशास्त्रज्ञांनी मला क्षमा करावी. टाळी द्यावयाची ती पहिल्या मात्रेवर नव्हे, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. घरी करून पाहा. आरंभी हात चुकेल. आणि स्वर. आपल्याकडे कोमल गंधार आणि शुद्ध गंधार निरनिराळे आहेत. ब्लूजचा गंधार पुष्कळदा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो, सरकत असतो. पियानोच्या पट्ट्यांत तो नाही. गळ्यात आणि फुंकेत आहे. मींडीची सवय असलेल्या आपल्या कानांना तो बेसूर वाटण्याचे कारण नाही.

'वेस्ट एंड ब्लूज' सुरू होते तेव्हा ढोल नाही, पियानो नाही, कोणाचीही साथ नाही. एकटा ट्रम्पेट. पहिले चार स्वर ठाम, पायऱ्या चढावे तसे. मग एकदम वर झेप, आणि तेथून वळसे घेत, अडखळल्यासारखे करीत खाली उतरणे. पंधरा सेकंदांच्या आत हे संपते. वाद्यमेळात सर्वांनी मिळून वाजवावयाचे, अशी न्यू ऑर्लिन्सची जुनी पद्धत; तिच्यातून एक माणूस पुढे आला आणि त्याने आपल्या एकट्याच्या आवाजात बोलावयास सुरुवात केली. वहीत ज्याच्या नावापुढे ते दोन शब्द लिहिले होते, तोच हा माणूस.

मग सर्वजण मिळून पहिले आवर्तन वाजवितात. दुसरे फ्रेड रॉबिन्सनच्या ट्रॉम्बोनचे. मागे झटी सिंगलटन टापांसारखा टक-टक आवाज काढीत असतो. तिसरे आवर्तन माझ्या विशेष आवडीचे आहे. जिमी स्ट्राँग क्लॅरिनेटवर खालच्या पट्टीत एक वाक्य म्हणतो, आणि आर्मस्ट्राँग वाद्य बाजूला ठेवून गळ्याने त्याला उत्तर देतो. त्यात शब्द नाहीत. नुसते स्वर आणि अक्षरे. दोन शेजारी संध्याकाळी ओट्यावर बसून हलक्या आवाजात बोलावेत, तसे ते आहे. चौथे आवर्तन अर्ल हाइन्सच्या पियानोचे : आरंभी पाणी ओघळावे तसे, मग अचानक चालीला लागलेले. आणि पाचवे पुन्हा ट्रम्पेटचे. येथे आर्मस्ट्राँग वरचा एक स्वर धरतो आणि सोडत नाही. सोळा मात्रा. खाली बाकीचे वादक आपापल्या वाटेने चालत आहेत, आणि वर तो एक स्वर स्थिर आहे. आपला श्वास नकळत रोखला जातो. मग तो सुटतो आणि स्वरांचा लोंढा खाली येतो.

प्रत्येकाला एक आवर्तन, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी त्याला आधार द्यावयाचा. दुसऱ्याच्या आवर्तनात आपण आडवे यावयाचे नाही. लिहून दिलेले वाजवावयाचे नाही, तर साच्याच्या आत राहून त्या क्षणी जे सुचेल ते आपले म्हणावयाचे. ज्या देशाने या माणसांना शंभर वर्षांहून अधिक काळ बरोबरीची जागा नाकारली, त्या देशात सव्वातीन मिनिटांपुरती त्यांनी आपली सभा अशी चालविली.

ही तबकडी जेव्हा दुकानांत आली त्या काळी कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची यादीच वेगळी छापत आणि तिला 'वंशाच्या तबकड्या' म्हणत. रेल्वेच्या डब्याचा कायदा दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचला होता. बेसी स्मिथ ही त्या यादीतली सर्वांत मोठी गायिका. टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथील दरिद्री घरची. आईबाप लहानपणीच गेले. १९२३ साली निघालेल्या तिच्या पहिल्याच तबकडीचा प्रचंड खप झाला. परंतु तिला दर गाण्यामागे ठरीव रक्कम मिळे, विक्रीत हिस्सा नसे. १९३७ साली मिसिसिपी राज्यात मोटारीच्या अपघातात ती गेली. गोऱ्यांच्या इस्पितळाने तिला दारातून परत पाठविले म्हणून ती मेली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती कथा खरी नाही, आणि आपण ती सांगू नये. अपघाताच्या जागी आलेल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून असे दिसते की तिला सरळ काळ्यांच्याच इस्पितळात नेण्यात आले. गोऱ्यांच्या इस्पितळात नेऊन पाहावे, असा विचार त्या मुलखात कोणाच्या मनातही आला नसता. दारातून परत पाठविण्याची वेळच येऊ नये, इतकी व्यवस्था पक्की होती. तिच्या थडग्यावर तेहतीस वर्षे दगड नव्हता. १९७० साली तो बसविण्यात आला तेव्हा त्याचा खर्च जॅनिस जॉप्लिन ही गोरी गायिका आणि वॉनिटा ग्रीन ही कृष्णवर्णीय स्त्री या दोघींनी मिळून केला. वॉनिटा ग्रीनने लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसण्याचे काम केले होते.

दरम्यान या संगीताला गोऱ्या समाजात मान मिळू लागला, आणि 'जॅझचा राजा' ही पदवी पॉल व्हाइटमन या गोऱ्या बँडमास्तरांस मिळाली. त्यांच्याच कार्यक्रमात १९२४ साली जॉर्ज गर्श्विन यांची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' पहिल्यांदा वाजली. ती रचना सुंदर आहे आणि जॅझच्या छायेतील संगीत म्हणून जरूर ऐकावी. फ्रेंच संगीतकार रावेल यांनीही आपल्या व्हायोलिन सोनाटात ब्लूज आणला. माझे भांडण त्यांच्याशी नाही, त्या पदवीशी आहे. 'स्विंगचा राजा' म्हणून गाजलेले बेनी गुडमन ज्या रचनांवर प्रसिद्धीस आले, त्यांतील कित्येक फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराने बांधून दिलेल्या होत्या. मात्र न्यायाने हेही सांगावयास हवे की गुडमन यांनीच टेडी विल्सन आणि लायोनेल हॅम्प्टन यांना उघडपणे आपल्या शेजारी रंगमंचावर बसविले, आणि १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गोरे-काळे वादक एकत्र वाजले. त्या वेळी हे धाडसच होते.

ड्यूक एलिंग्टन यांची गोष्ट याहून बोचणारी आहे. १९२७ च्या डिसेंबरात त्यांचा बँड न्यूयॉर्कच्या हार्लेममधील कॉटन क्लबात वाजवू लागला. हार्लेम ही काळ्यांची वस्ती, क्लबात वाजविणारे काळे, नाचणारे काळे; श्रोते मात्र गोरेच पाहिजेत असा तेथला दंडक. सजावट कशाची, तर गुलामांच्या मळ्याची! त्या जागेत बसून एलिंग्टन यांनी आपली भाषा घडविली. त्यांचे 'मूड इंडिगो' (१९३०) ऐका. ट्रॉम्बोन वर, क्लॅरिनेट अगदी खाली, अशी उलटी मांडणी करून त्यांनी एक धूसर, निळसर रंग आणला आहे. १९४३ साली कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी आपल्या समाजाचा सगळा इतिहास सांगणारी 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज' ही दीर्घ रचना सादर केली. १९६५ साली पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत समितीने त्यांना खास सन्मान देण्याची शिफारस केली. वरच्या मंडळाने ती फेटाळली आणि समितीतील दोन सभासदांनी राजीनामे दिले. सन्मान मिळाला तो १९९९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

बिली हॉलिडेचे एक गाणे मी आज लावणार नाही, कारण सभेत लहान मुले आहेत. ते आपण घरी, मोठ्यांनी मिळून ऐकावे. त्याचे नाव 'स्ट्रेंज फ्रूट'. दक्षिणेत जमावाने काळ्या माणसांना झाडाला फाशी देण्याचे प्रकार होत. त्यावर एबल मीरोपोल या ज्यू शिक्षकाने ते लिहिले. १९३९ साली बिली ते न्यूयॉर्कच्या ज्या क्लबात गाऊ लागली तेथे गोरे-काळे एकत्र बसत. गाणे सुरू होण्यापूर्वी वाढपी काम थांबवीत, दिवे मालविले जात, एकच झोत तिच्या तोंडावर राही. गाणे संपले की अंधार. आणि दिवे लागत तेव्हा ती तेथे नसे. तिच्या नेहमीच्या कंपनीने ते मुद्रित करण्याचे नाकारले. कमोडोर या छोट्या कंपनीने ते केले. आवाज मोठा नाही, चढत नाही, रडत नाही. खून पाहिलेल्या साक्षीदाराने न्यायालयात जबानी द्यावी तसे ते गायिले आहे.

पुन्हा एकदा आर्मस्ट्राँगकडे येतो, कारण त्याच्यावर आमच्याच विचाराच्या लोकांकडून एक आरोप होतो. गोऱ्यांपुढे तो फार हसतो, रुमाल फडकवितो, लाचारी करतो, असे नव्या पिढीचे तरुण वादक म्हणत. १९५७ च्या सप्टेंबरात आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाण्यापासून सशस्त्र शिपायांनी अडविले. तेव्हा आर्मस्ट्राँग सरकारच्या वतीने सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जावयाचा होता. एका तरुण वार्ताहरापुढे तो कडाडला. राष्ट्राध्यक्षांत धमक नाही असे त्याने स्पष्ट म्हटले आणि दौऱ्यावर जाण्यास नकार दिला. त्याच्या जन्मगावच्या राज्याने १९५६ साली गोऱ्या-काळ्यांनी एकत्र वाजविण्यास बंदी करणारा कायदा केला होता. त्याच्या बँडात दोन्ही रंगांचे वादक होते, म्हणून १९६५ पर्यंत तो न्यू ऑर्लिन्समध्ये वाजवावयास गेला नाही. हसणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे, हे हसण्यावरून ठरवू नये.

माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू' विषयी थोडक्यात. १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमधील दोन दिवसांत ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. आपल्या श्रोत्यांना ती सर्वांत सोपी जाईल. तिच्यातील 'सो व्हॉट' ही रचना एका स्वरसप्तकावर सोळा मापे ठाण मांडते. आठ मापे ते सप्तक किंचित वर सरकते आणि पुन्हा आठ मापे मूळ जागी येते. ते सप्तक म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. ही तबकडी ऑगस्टमध्ये बाजारात आली, आणि त्याच महिन्यात ज्या क्लबात माइल्स वाजवीत होते त्याच्याच दाराबाहेर पदपथावर उभे असताना पोलिसांनी त्यांचे डोके फोडले. बाहेरच्या पाटीवर त्यांचेच नाव होते.

राहता राहिली आपली मुंबई. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे येथे अगदीच चूक नाही. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवावयास आला, आणि ते संगीत श्रीमंतांच्या नाचघरातच राहिले. पण ते ऐकून शिकले ते गोव्याचे वादक. हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवीत. त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. याच गोवेकरांनी दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत जाऊन वाद्यमेळ बांधले. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) मधील गाण्यांवर आपल्या आईवडिलांनी ताल धरला असेल. त्यांत चिक चॉकलेट यांचा हात आहे. म्हणजे वस्तीतील रेडिओवर जॅझची छाया आपल्या घरांत केव्हाच आलेली होती. फक्त ज्यांनी ती आणली त्यांची नावे बहुधा पडद्यावर येत नसत.

घरी ऐकावयाचा क्रम सांगतो. आता हे सर्व हातातील मोबाइलवरही मिळते. प्रथम आज ऐकणार ते. मग बेसी स्मिथने १९२५ साली गायिलेले 'सेंट लुई ब्लूज'. तिच्या मागे कॉर्नेटवर तरुण आर्मस्ट्राँग आहे, आणि तिची ओळ संपली की तो कसा उत्तर देतो ते मुलांना दाखवून द्या. मग 'मूड इंडिगो', रात्री, दिवा मंद करून. 'सो व्हॉट' सुट्टीच्या दिवशी. त्याला नऊ मिनिटे लागतात. न आवडले तर सोडून द्यावे, आवडल्याचे सोंग करू नये.

आता मी यंत्र लावतो. आरंभीचा एकटा ट्रम्पेट संपेपर्यंत कृपा करून कोणी बोलू नये. त्यानंतर मुलांनी आवर्तने बोटांवर मोजावीत. पाच भरली पाहिजेत. आणि मघाच्या गृहस्थांना माझी विनंती आहे की त्यांनी पुढे येऊन या खुर्चीवर बसावे, येथून जास्त स्पष्ट ऐकू येते.